देवमाशाच्या तोंडात चाळणी आली कुठून? डार्विनला छळणाऱ्या एका प्रश्नाची गोष्ट

हिवाळ्यात नवेगाव बांधच्या तलावावर बाहेरून येणाऱ्या बदकांमध्ये एक गडी चटकन ओळखू येतो. त्याची चोच पुढे पसरट होत जाते, अगदी फावड्यासारखी. मराठीत याला थापट्या म्हणतात. बाकीची बदकं डोकं खाली आणि शेपटी वर करून बुडत असतात, तेव्हा हा मान पुढे ताणून, चोच पाण्याच्या पृष्ठभागावर ठेवून सरळ पोहत राहतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, नुसतं पाणी पितोय.

पाणी पीत नसतो, गाळत असतो. त्याच्या चोचीच्या आतल्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या बारीक पट्ट्यांची रांग असते. पाणी आत घ्यायचं, जिभेने बाजूने बाहेर ढकलायचं आणि पट्ट्यांमध्ये अडकलेले बारीक जीव, बिया वगैरे गिळायचं. घरच्या वॉटर प्युरिफायरमध्ये आपण गाळलेलं पाणी पितो आणि फिल्टरवरचा गाळ टाकून देतो. इथे उलटं आहे, पाणी टाकायचं आणि गाळ खायचा.

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला हा तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. तेव्हाही हे बदक उत्तरेकडून इकडे येत असणार. पण १८७०च्या सुमारास इंग्लंडमधल्या एका आजारी म्हाताऱ्याने याच जातीच्या बदकाची चोच हातात घेऊन तिच्यातल्या पट्ट्या एकेक करून मोजल्या. त्याला बदकाशी फारसं देणंघेणं नव्हतं. त्याला देवमासा सोडवायचा होता, कारण त्या देवमाशावर त्याच्या आयुष्यभराच्या कामाचा निकाल लागणार होता. त्या म्हाताऱ्याचं नाव चार्ल्स डार्विन.

आधी ही चाळणी काय असते ते बघू

देवमासा हा मासा नाही, हे शाळेत शिकलोच आहोत. तो आपल्यासारखाच पिल्लांना दूध पाजणारा, फुप्फुसांनी श्वास घेणारा प्राणी. त्यांचे दोन मोठे गट आहेत. एकाला दात असतात, डॉल्फिन त्यातलेच. दुसऱ्या गटाला दात नसतात. त्यांच्या वरच्या जबड्यातून खाली लोंबणाऱ्या शेकडो पट्ट्या असतात, त्यांना बॅलीन म्हणतात. बॅलीन हे हाड नाही. आपली नखं, केस, गाईची शिंगं ज्या केरॅटिनची बनतात त्याचंच ते असतं. प्रत्येक पट्टीची आतली कड झिजून तिचे केसांसारखे धागे होतात आणि ते एकमेकांत गुंतून मोठी चाळणी तयार होते.

निळा देवमासा या गटातला. पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा प्राणी, आणि खातो काय तर क्रिल, म्हणजे आपल्या जवळ्याचे लांबचे नातेवाईक. जून २०१५ मध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्यावर चाळीस फुटांहून लांब निळा देवमासा येऊन अडकला होता, त्याचे फोटो तेव्हा खूप फिरले. एवढं धूड रायगडच्या वाळूत, आणि खाणं बोटभर लांबीच्या जीवांचं.

आता प्रश्न असा. ही चाळणी पूर्ण असेल तर कामाची, हे कबूल. पण ती एका रात्रीत आली नसेल, हळूहळूच आली असेल. मग अर्धवट असताना तिचा उपयोग काय?

डॉक्टर होता होता राहिलेला मुलगा

डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ चा, इंग्लंडमधल्या श्रूझबरी गावातला. बाप नामांकित डॉक्टर. मुलालाही डॉक्टर करायचं म्हणून १८२५ मध्ये एडिंबराला पाठवलं. त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती. शस्त्रक्रिया बघून पोरगं पळून आलं ते कायमचंच. मग धर्मगुरू तरी होईल म्हणून केंब्रिजला घातलं. तिथे त्याचं लक्ष भुंगेरे गोळा करण्यात. आजच्या भाषेत सांगायचं तर बापाला वाटत होतं, पोराने करिअरची माती केली.

१८३१ मध्ये त्याला ‘बीगल’ नावाच्या सर्वेक्षण जहाजावर जाण्याची संधी आली. बाप नाहीच म्हणाला. शेवटी मामाने मध्यस्थी केली, आणि २७ डिसेंबर १८३१ ला बावीस वर्षांचा डार्विन निघाला. दोन वर्षांची म्हणून ठरलेली ही फेरी जवळपास पाच वर्षं चालली.

गॅलापागोस बेटांवरच्या पक्ष्यांची कथा सगळ्यांना पाठ आहे, म्हणून ती इथे सोडतो. आपल्या कामाची गोष्ट प्रवासाच्या अगदी सुरुवातीची आहे. निघाल्यावर दोन आठवड्यांत, समुद्र लागून ओकाऱ्या काढत असतानाच, डार्विनने एक जुगाड केला. झेंड्यांसाठी वापरतात त्या पातळ कापडाची चार फूट खोल पिशवी शिवली, तिच्या तोंडाशी अर्धगोल कमान बसवली आणि दोरीने ती जहाजामागे ओढत ठेवली. संध्याकाळी पिशवीत बघतो तर इवल्या इवल्या जीवांचा ढीग. भर समुद्रात, जिथे वरून नुसतं निळं पाणी दिसतं, तिथे एवढं अन्न तरंगत असतं हे त्याला तेव्हा दिसलं. तोंड उघडं ठेवून पोहणारा देवमासा याहून वेगळं काही करत नाही. पुढे दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, तिएरा देल फुएगोच्या किनाऱ्यालगत, त्याने देवमासेही अगदी जवळून पाहिले.

ऑक्टोबर १८३६ मध्ये तो परतला. १८३९ मध्ये एमाशी लग्न, १८४२ मध्ये लंडनजवळच्या डाऊन गावात घर. सजीव बदलतात, आणि ज्यांचे छोटे छोटे फरक जगायला उपयोगी पडतात त्यांची पिल्लं जास्त टिकतात, ही त्याची कल्पना तोवर कागदावर तयार होती. पण छापायची हिंमत होत नव्हती. पोटाचा आजार, उलट्या, थकवा यांनी त्याला धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

मग त्याने केलं काय? १८४६ पासून आठ वर्षं बार्नॅकल नावाच्या जीवांचा अभ्यास. होड्यांच्या तळाला आणि किनाऱ्यावरच्या खडकांना जे टणक, टोकदार कवच चिकटलेलं असतं ना, जे पायाला कापतं, ते. आत खेकड्या-कोळंबीचा भाऊबंद डोक्यावर उभा असतो आणि पिसांसारखे पाय बाहेर काढून पाण्यातलं अन्न गाळून खातो. घरातल्या मुलांना हे काम इतकं सवयीचं झालं होतं, की एका मुलाने शेजाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांचे बाबा बार्नॅकलचं काम कुठे बसून करतात असं विचारल्याचा किस्सा सांगतात. याच काळात, १८५१ मध्ये, त्याची दहा वर्षांची लाडकी मुलगी ॲनी आजारपणात गेली. त्यातून तो बाप म्हणून पुरता सावरला नाही.

ही आठ वर्षं वाया गेली असं काही जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. एकच अवयव एका जातीत पाय, दुसऱ्या जातीत गाळणं, तिसरीत आणखी काही, हे त्याने हजारो नमुन्यांत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पुढचं उत्तर तिथूनच आलं असावं.

अस्वलाची फजिती

१८५८ मध्ये आल्फ्रेड वॉलेसचं पत्र आलं. त्यात जवळपास तीच कल्पना होती. दोघांचं लिखाण लंडनच्या लिनियन सोसायटीत एकत्र वाचलं गेलं, आणि २४ नोव्हेंबर १८५९ ला डार्विनचं ‘ऑन द ओरिजिन ऑफ स्पीशीज’ बाजारात आलं. पहिल्या आवृत्तीच्या १२५० प्रती.

या पहिल्या आवृत्तीत एक वाक्य होतं ज्याने त्याला चांगलंच अडकवलं. सॅम्युअल हर्न नावाच्या प्रवाशाने उत्तर अमेरिकेत काळं अस्वल तासन्‌तास तोंड उघडं ठेवून पोहताना आणि पाण्यावरचे किडे गोळा करताना पाहिलं होतं. डार्विनने लिहिलं की असं खाणं कायम मिळत राहिलं, तर अस्वलांची एखादी जात पिढ्यान्‌पिढ्या पाण्यातली होत जाईल, तोंड मोठं होत जाईल आणि शेवटी देवमाशासारखा अजस्र प्राणी तयार होईल, यात त्याला काही अडचण दिसत नाही.

झालं! टीकाकारांना आयतं मीम मिळालं. रिचर्ड ओवेनसारख्या बड्या शरीरशास्त्रज्ञाने खिल्ली उडवली. जानेवारी १८६० मध्ये दुसरी आवृत्ती आली तेव्हा ते वाक्य कापलेलं होतं. पोहणारं अस्वल राहिलं, त्याचा देवमासा होणं गेलं. खासगी पत्रांत मात्र डार्विन आपला मुद्दा सोडायला तयार नव्हता.

अर्धी चाळणी काय कामाची?

खरा घाव बसला १८७१ मध्ये. सेंट जॉर्ज मायव्हार्ट हा तरुण शरीरशास्त्रज्ञ आधी डार्विनच्या गोटातला होता, डार्विनचा खंदा समर्थक हक्सली याच्याकडे शिकलेला. धर्माने कॅथलिक. त्याने ‘ऑन द जेनेसिस ऑफ स्पीशीज’ हे पुस्तक काढलं. त्यात शिव्या नव्हत्या, खिल्ली नव्हती. होते ते एकामागून एक अवघड प्रश्न, आणि त्यातला एक बॅलीनचा. त्याचा युक्तिवाद साधा होता. चाळणी एकदा कामाची झाली की नैसर्गिक निवड तिला वाढवेल, मान्य. पण ती कामाची होण्याआधी तिला कोण वाढवेल? टाळूवर आलेला मिलिमीटरभर उंचवटा काहीच गाळत नाही. मग तो टिकेल का?

याचं गांभीर्य समजायला मोबाइलचं उदाहरण घेऊ. एखादं ॲप नव्याने लिहायचं तर कंपनी सर्व्हर रात्रभर बंद ठेवू शकते, मेंटेनन्सची पाटी लावू शकते. निसर्गाला ती सोय नाही. काम चालू आहे, जेवण उद्या, असं म्हणणारा प्राणी उद्यापर्यंत उरत नाही. म्हणजे दात असलेल्या पूर्वजापासून चाळणीवाल्या देवमाशापर्यंत मधल्या लाखो पिढ्यांतल्या प्रत्येक पिढीचं तोंड त्या त्या दिवशी पोट भरणारं असायला हवं. एकही व्हर्जन क्रॅश झालेलं चालणार नाही. आणि डार्विनने स्वतःच पुस्तकात कबूल करून ठेवलं होतं, की लहान लहान पायऱ्यांनी तयार होऊच शकत नाही असा एक जरी अवयव कुणी दाखवला तर आपला सिद्धांत कोसळेल. मायव्हार्टने त्याच जागी बोट ठेवलं.

डार्विन तेव्हा ६२ वर्षांचा होता. दुखावलाही होता. अमेरिकेतल्या चॉन्सी राइटने मायव्हार्टला उत्तर देणारा लेख लिहिला, तर डार्विनने तो स्वखर्चाने इंग्लंडमध्ये छापून घेतला. पण दुसऱ्याच्या लेखाने भागणार नव्हतं. ‘ओरिजिन’च्या सहाव्या आवृत्तीसाठी त्याने एक अख्खं नवं प्रकरण लिहायला घेतलं, आणि त्यासाठी बदकं मागवली.

चोचीतल्या पट्ट्या मोजताना

त्याने थापट्याची चोच घेतली आणि मोजलं. वरच्या चोचीत एका बाजूला १८८ पट्ट्या. पातळ, लवचीक, टोकाला निमुळत्या. थापट्याचं डोकं एका छोट्या बॅलीन देवमाशाच्या डोक्याएवढं मोठं केलं तर त्या पट्ट्या किती लांब होतील, याचा त्याने हिशेब मांडला. उत्तर आलं सहा इंच. त्या देवमाशाचं खरं बॅलीन नऊ इंचांचं. म्हणजे बदक आणि देवमासा यांच्यात वाटतं तेवढं अंतर नाही.

मग साधं पाळीव बदक घेतलं. त्याच्यात एका बाजूला सुमारे ५० पट्ट्या. तेही पाणी आणि चिखल गाळतं, पण थापट्याएवढं सफाईने नाही, आणि इतरही बरंच काही खातं. मग हंस, म्हणजे पाळीव गूज. त्याच्यात सुमारे २७, जाड आणि एकमेकींना जवळपास चिकटलेल्या, वर दातांसारख्या गाठी. त्याने काहीही गाळता येत नाही. पण गवत धरून तोडायला ती चोच पक्की आहे. यांच्या मधल्या रचनेच्याही जाती त्याने दाखवल्या.

बघा, उत्तर कसं उलगडलं. मायव्हार्ट विचारत होता, अर्धी चाळणी कशी गाळणार? डार्विनचं म्हणणं, तिने गाळायची गरजच काय? हंसाची चोच अर्धी चाळणी नाही, ती पूर्ण विळा आहे. पाळीव बदकाची चोच दोन्हीकडची थोडी थोडी कामं करते आणि बदक मजेत जगतं. या पायऱ्यांवरचा प्रत्येक पक्षी आज जिवंत आहे आणि रोज पोटभर खातो. मग देवमाशाच्या पूर्वजाच्या टाळूवरचे टणक उंचवटे आधी भक्ष्य पकडायला किंवा चुरायला कामी आले असतील, थोडे वाढल्यावर थोडं गाळू लागले असतील, यात अशक्य ते काय? दातवाल्या देवमाशांपैकी एकाच्या टाळूवर असे शिंगासारखे टणक खडबडीत कण असतात हेही त्याने वाचलं होतं, तेही त्याने मांडलं.

इथे एक घोळ नेहमी होतो. देवमासा बदकापासून आला असं डार्विनने कुठेही म्हटलेलं नाही. बदकं फक्त साक्षीदार होती. असा उतार चढता येतो का, एवढंच त्यांना विचारलं होतं.

सहावी आवृत्ती फेब्रुवारी १८७२ मध्ये आली. मायव्हार्टशी संबंध मात्र पुढे तुटलेच. १८७४ मध्ये त्याने डार्विनच्या मुलाच्या एका लेखावर घसरून टीका केली, तेव्हा डार्विनने त्याच्याशी बोलणं बंद केलं. बिचाऱ्या मायव्हार्टला पुढे त्याच्या चर्चनेही वाळीत टाकलं. डार्विनची शेवटची वर्षं वेली, कीटकभक्षी झाडं आणि गांडुळं यांच्या अभ्यासात गेली. १९ एप्रिल १८८२ ला तो डाऊनच्या घरी वारला. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्याचं दफन झालं.

मग डार्विन बरोबर होता का?

अस्वलाच्या बाबतीत नाही. देवमाशाचं मूळ खूर असलेल्या प्राण्यांत आहे, आणि आज जिवंत असलेल्यांत त्यांचा सगळ्यात जवळचा नातेवाईक पाणघोडा. यातले मोठे पुरावे आपल्याकडचे आहेत. काश्मीरमधल्या कालाकोटच्या खडकांतून ए. रंगा राव यांनी मिळवलेल्या जीवाश्माला १९७१ मध्ये इंडोहायस नाव दिलं. मांजराएवढा, बारीक पायांचा प्राणी. २००७ मध्ये त्याच्या कानाचं हाड देवमाशांच्या हाडासारखं जाड असल्याचं दिसलं. कच्छमध्ये तर चार कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचे, पाय असलेले देवमासे मिळाले आहेत.

बॅलीनचं उत्तर जास्त गुंतागुंतीचं निघालं. केरॅटिन सहसा जीवाश्मात टिकत नाही, म्हणून कवटीवरच्या खुणांवरून ओळखावं लागतं. अंटार्क्टिकात मिळालेला लॅनोसीटस सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वीचा. तो बॅलीनवाल्यांच्या घराण्यातला, पण तोंडात मोठे, खाचांचे दात. या दातांनीच तो पाणी गाळत असेल असं आधी वाटलं होतं. २०१८ मध्ये दातांची झीज तपासल्यावर दिसलं की तो चक्क चावून खात होता. त्याच वर्षी मायाबलीनाची माहिती आली. अमेरिकेतल्या ओरेगनचा, ३.३ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि अभ्यासकांच्या मते त्याला दातही नव्हते आणि बॅलीनही नव्हतं. तो भक्ष्य तोंडात ओढून घेत असणार, आपण स्ट्रॉने ज्यूस ओढतो तसं.

दुसऱ्या बाजूला एटिओसीटस आहे. त्याला दात होते, आणि टाळूवर बारीक भोकं होती, जशी आजच्या देवमाशांत बॅलीनला रक्त पुरवायला असतात. कवटीचा सीटी स्कॅन केल्यावर काही अभ्यासकांना दातांच्या आणि बॅलीनच्या रक्तवाहिन्यांचे वेगवेगळे मार्ग दिसले. म्हणजे काही काळ दोन्ही एकत्र होतं. दात आधी गेले की बॅलीन आधी आलं, यावर शास्त्रज्ञांत अजून जोरात वाद चालू आहे. गाळण्याआधी ओढून खाणं ही पायरी असावी, हे मात्र आता बऱ्याच जणांना पटतं. डार्विनला ही पायरी सुचली नव्हती. पण मधल्या टप्प्याचं काम वेगळंच असू शकतं, हा त्याचा मुद्दा इथेही लागू पडतो.

चाळणी आल्यावर ती वापरायच्या तऱ्हाही वेगळ्या झाल्या. बोहेड देवमासा थापट्यासारखा तोंड उघडं ठेवून संथ पोहत राहतो. राखाडी देवमासा तळाचा चिखल ओढून गाळतो. निळा देवमासा क्रिलच्या थव्यावर वेगाने झेपावतो, गळ्याच्या घड्या पॅराशूटसारख्या फुगतात, आणि जवळपास स्वतःच्या शरीराएवढं पाणी एका घासात आत येतं. इतके अवाढव्य देवमासे ही गेल्या काही दशलक्ष वर्षांतलीच गोष्ट, बॅलीनच्या मानाने अगदी अलीकडची.

दातांचं पुढे काय झालं, याचा पुरावा डार्विनच्या पुस्तकात होता आणि आजही प्रत्येक बॅलीन देवमाशाच्या पोटात तयार होतो. गर्भात असताना पिल्लाच्या हिरड्यांत दातांचे कोंब येतात. दातांवरचं इनॅमल बनवणारी जनुकंही त्याच्या डीएनएमध्ये आहेत, फक्त बिघडलेली. जन्माआधीच ते कोंब विरघळून जातात, आणि मग बॅलीन वाढू लागतं.